गरम चादरींची खोली

रुग्णालयात चौकशीच्या खिडकीमागे बसणाऱ्या वहिनींचा आवाज मध बोटावर घ्यावा तसा होता. "डावीकडे वळा, दुसरा जिना," हे दिवसात कितीदा तरी सांगायचं, आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदाच सांगितल्यासारखं. संध्याकाळपर्यंत बाईंचा पार चोथा व्हायचा.

घरी नणंद राहायला आली होती. जिवाला जीव देणारी, पण तोंडाला कुलूप म्हणून नाही. वहिनींनी चप्पल काढायच्या आत तिची टकळी सुरू व्हायची.

वहिनींना घरी यायला उशीर होऊ लागला. काम संपलं की त्या तळघरातल्या धुलाईखोलीत उतरायच्या. तिथल्या परीटकाकांना कमी ऐकू यायचं. ते नुसती मान हलवून स्टूल पुढे सरकवायचे. वहिनी ताज्या इस्त्रीच्या चादरींच्या थप्पीला पाठ टेकायच्या. पाठीत हळूहळू ऊब उतरायची. वाफेत खोली विरघळायची, भिंती लांब लांब जायच्या, आणि पांढऱ्या टेकड्यांमधून आपण कुणालाही वाट न सांगता चाललो आहोत, असं वाटायचं.

एकदा तिथंच गाढ झोप लागली. डोळे उघडले तर समोर शोधत आलेली नणंद, पदराने डोळे पुसत.

"जीव टांगणीला लावलात, वहिनी! माझा एवढा कंटाळा आला?"

"तुमचा नाही हो, वन्सं. दिवसभर बोलून मी उरतच नाही. जरा गप्प बसलं, की परत माझी मी होते."

"मग सांगायचं ना तसं!"

"सांगायलाही शब्द उरत नव्हते."

नणंद फुरंगटली, मग फिसकन हसली. चादरींना पाठ लावून शेजारी बसली आणि चक्क गप्प राहिली. जरा वेळाने तिचेही डोळे मिटले.

आता वहिनी वेळेवर घरी येतात आणि थेट मागच्या गॅलरीत जाऊन बसतात. नणंद दाराशी पहारा देते. "हळू बोला, वहिनी बसल्यात!" हे ती इतक्या मोठ्यांदा सांगते, की शेजारीपाजारीही आवाज खाली आणतात.

गॅलरीत वहिनी आभाळाकडे बघत असतात. ढग सरकतात, अंगातला थकवा त्यांच्याबरोबर कुठेतरी निघून जातो. मग दार उघडतं.

"वन्सं, या. मघाशी दारात म्हणालात ते शेजारच्यांचं दुपारचं भांडण सांगा बघू, अगदी पहिल्यापासून."