तांड्यात बघितलेली बर्फाची शर्यत

आमच्या घरात लेकरांना गोष्टी सांगायची पद्धत नव्हती, पत्रकं वाचून दाखवायची होती. वडील कर्मचारी संघटनेत. मोर्चा झाला की उरलेली पत्रकं घरी यायची आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहायचे. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट तीन मागण्यांशिवाय पुरी होत नाही, असं मला आजही वाटतं.

म्हणून माझा वर्गमित्र देशाच्या संघातून बर्फावरच्या शर्यतीला परदेशी गेला, तेव्हा मी पहिलं काम केलं ते पत्रक काढायचं. मथळा, 'बर्फावर आमचाही हक्क'. खाली तीन मागण्या. त्याखाली बारीक अक्षरात, शर्यत रविवारी दुपारी तांड्यावरच्या समाजमंदिरात पडद्यावर दाखवली जाईल.

त्याचा बंजारा तांडा साखरा गावाच्या पुढं. तिथले नायक, म्हणजे तांड्याचे वडीलधारे प्रमुख, पत्रक हातभर लांब धरून वाचत राहिले. मग म्हणाले, "हक्क सांगून राहिली खरी, पण बर्फ कुठं हाये आपल्यापाशी?" आणि स्वतःच आठवून म्हणाले की सेनगावच्या रसवंतीवाल्याच्या पेटीत असंल थोडा, तिथूनच लढा सुरू करू.

मित्र फौजेत गेला, नेमणूक उत्तरेच्या डोंगरात झाली आणि तिथं त्याला पायाला लांब पट्ट्या लावून, दोन्ही हातांत काठ्या घेऊन बर्फावरून पळायला शिकवलं. सुट्टीत घरी आला की तो चाकांच्या पट्ट्या लावून साखऱ्याच्या रस्त्यावर सराव करायचा. ट्रॅक्टरवाले थांबून विचारायचे, पाय कशानं मोडला, दवाखान्यात सोडू का.

संघ म्हणजे तीन खेळाडू आणि एक प्रशिक्षक. पट्ट्या घसराव्यात म्हणून त्यांना खालून मेण लावावं लागतं. त्यासाठी मोठ्या देशांची वेगळी माणसं असतात, आमच्या संघात प्रशिक्षकच इस्त्री गरम करून बसायचे. यावर माझी दुसरी मागणी होती.

आदल्या वर्षीच्या शर्यतीत त्याला अर्ध्या वाटेत दम लागला होता. तो बर्फात बसला आणि त्याला गाडीवर घालून आणलं. त्या सुट्टीत तो घराबाहेर पडलाच नाही, चाकांच्या पट्ट्या माळ्यावर पडून राहिल्या. या वेळी निघताना त्यानं आईला एवढंच सांगितलं होतं की कितवाबी येईन, पण शेवटची रेघ ओलांडीन. तांड्यात आईला याडी म्हणतात आणि मीही तिला तेच म्हणते. पहिलं कोण येणार याच्याशी याडीला काही देणंघेणं नव्हतं. ती मला रोज फोन करून त्या रेघेबद्दल विचारायची. केवढी असते, कशानं काढतात, बर्फात पुसून गेली तर कळतं कसं.

रविवारी मंडपवाल्याकडून लग्नातला प्रोजेक्टर आणि स्पीकर आणला आणि माझा फोन त्यांना जोडला. उजेड नको म्हणून खिडक्यांना गोधड्या टांगल्या. माणसं हरभरा सोंगता सोंगता उठून आली होती, डोक्यांवर काड्या तशाच.

या शर्यतीत सगळ्यांना एकदम सोडत नाहीत, एकेकाला थोड्या थोड्या अंतरानं सोडतात. हे समजावून सांगायची मी चांगली तयारी केली होती. नायकांनी ती वाया घालवली. म्हणाले, "आपल्या शंकरपटातबी बैलजोडी एकेकच सोडतेत, घड्याळावर." मात्र नंतर बराच वेळ ते पडद्यावर हाकणाऱ्याला शोधत होते. मागून कुणीतरी सांगितलं की इथं बैलही तोच आणि हाकणाराही तोच. तेव्हा ते म्हणाले की मग ह्याच्यापेक्षा फौज सोपी.

आमचा गडी दिसेना. कॅमेरा पुढच्यांना सोडायला तयार नव्हता. पुढचे पोचले, एकमेकांच्या गळ्यात पडले, त्यांचे झेंडे फडकवून झाले, आणि मागून अजून माणसं येत असताना मुलाखती सुरू झाल्या. इकडं एकेक जण हरभऱ्याकडं निघाला. याडी पडद्यासमोर सगळ्यात पुढं बसली होती, ती हलली नाही.

मला राहवलं नाही. मी उठून पुढं उभी राहिले आणि बोलायला लागले. कॅमेरा कुणाचा आहे, तो फक्त जिंकणाऱ्यांकडंच का वळतो, मागून येणारा माणूस घाम गाळत नाही का. दाराशी गेलेले दोघंतिघं परत वळले. मला जोर चढला.

"सरक माय," याडी म्हणाली. "पोरगं येऊन राहिलं."

माझी सावली पडद्यावर पसरली होती. मी बाजूला झाले. मुलाखत देणाऱ्या विजेत्याच्या खांद्यामागं, अंगठ्याएवढा, निळ्या कपड्यांतला एक जण काठ्या रेटत आला आणि आडवा पडला. तेवढ्यात जाहिरात लागली.

रेघ चित्रात नव्हती. तो ओलांडून पडला की अलीकडंच पडला, कुणालाच सांगता येईना. नायक म्हणाले की बैल पोचल्यावरच बसतो. थोड्या वेळानं म्हणाले की सगळेच बैल तसे नसतात. निकाल बघावा तर रेंज गेलेली. याडीनं मला विचारलं, "रेघ कुठं व्हती?"

बऱ्याच वेळानं रेंज आली आणि माझा फोन वाजला. तो प्रोजेक्टरला जोडलेला होता, त्यामुळे भाच्याच्या लग्नातला, फेटा घातलेला मित्राचा फोटो भिंतभर उमटला आणि लग्नाच्या स्पीकरमधून त्याचा दमलेला आवाज ऐकू आला. याडीनं तिच्या बोलीत एकच प्रश्न विचारला.

"ओलांडली, याडी," तो म्हणाला. "मग पडलो."

याडीनं डोळ्यांना पदर लावला आणि लगेच रागावली. लोकांपुढं असं आडवं पडतेत का, कपडे ओले झाले असतील. तो म्हणाला, इथं पोचल्यावर सगळेच पडतात. ती म्हणाली, त्यांच्या आया त्यांचं बघून घेतील. नायकांनी विचारलं, मागं किती टाकले. तो म्हणाला, चार. नायक तडक बाहेर गेले आणि चार जणांना मागं टाकल्याची बातमी शेतापर्यंत ऐकू जाईल अशी दिली. पुढं किती होते, हे तांड्यात आजवर कुणी विचारलेलं नाही.

मी वायर काढून फोन कानाला लावला. त्यानं हळूच विचारलं, याडीला दिसलो का मी. म्हटलं, तिलाच दिसलास, आम्हाला तिनं दाखवलं. तो म्हणाला, तिला दे परत.

याडी आत नव्हती. बाहेर शेतातून परतलेल्या बायांनी तिला घेरलं होतं. दोन तुराट्या दोन्ही हातांत घेऊन, लुगडं खोचून, वाकून, मातीत काठ्या रोवत ती त्यांना आपलं पोरगं कसं आलं ते दाखवत होती. पडद्यावर तो घोटभर पाणी पिण्याएवढा वेळ दिसला होता. इथं ती त्याला सुरुवातीपासून पळवत होती.

"दे ना," तो म्हणाला.

"थांब जरा," मी म्हटलं. "अजून ती चढावर आहे."