तेला: ताणा, माग आणि जाळं

तिप्पण्णा कैकाडी गिरणीत मागावर होता. राहायचा मात्र शहराबाहेरच्या वसाहतीत, तारेच्या कुंपणाआड. सरकारनं त्याची अख्खी जातच गुन्हेगार ठरवून तिथं आणून ठेवली होती. त्यानं कधी कुणाच्या काडीला हात लावला नव्हता. तरी सकाळ-संध्याकाळ हजेरी, आणि बाहेर जायचं तर पास.

अक्षर सुरेख होतं त्याचं. म्हणून १९२९ साली जवळच्या बंगल्यातल्या म्हाताऱ्या पाद्रीसाहेबांनी त्याला रविवारी नकलेच्या कामाला बोलावलं. आपल्या विद्यार्थ्यांसाठी ते लॅटिन शब्दांचा मराठी कोश करत होते.

एका रविवारी शब्द आला 'तेला'.

"ह्यात तेल कुठलं, साहेब?" तिप्पण्णानं विचारलं.

"तेल नव्हे. तेला म्हणजे मागावर चढवलेला ताणा. विणत आलेलं कापडही तेला, कधी अख्खा मागच. रोमचे कवी भिंतीवरच्या कोळ्याच्या जाळ्यालाही तेला म्हणतात. कुणी मनात कट रचला, तर तोही तेलाच."

साहेबांनी प्रत्येक अर्थाला एकेक मराठी वाक्य करायला सांगितलं. जाळ्यापाशी त्यानं लिहिलं, 'आमच्या वसाहतीभोवती तारेचं जाळं आहे.'

साहेबांनी ते वाचून त्यावर रेघ मारली. "वसाहतीच्या मॅनेजरनं पाहिलं तर तुलाच त्रास. 'कोळी जाळे विणतो' असं लिही."

त्यानं तसं लिहिलं. मग म्हणाला, "कोळी सोता अडकत न्हाय की, साहेब. माशीचं वाक्य लिवू का?"

साहेबांनी पुढचा शब्द काढला.

श्रावणात वेळापूरहून मामाचा निरोप आला, आई अंथरुणाला खिळलीय. मॅनेजरनं पास नाकारला. साहेब स्वतः जाऊन जामीन राहिले, तेव्हा आठव्या दिवशी तीन दिवसांचा पास मिळाला. पंढरपूरपर्यंत गाडी, पुढं पायी. दुसऱ्या दिवशी दुपारी तो पोचला. म्हातारी आदल्याच सांजेला गेली होती.

"उद्या माती सावडायची हाय," मामा म्हणाला. "लेक तू एकटाच."

"पास उद्याच संपतोय, मामा."

तिप्पण्णा पोलीसपाटलाकडं हजेरी लावून आला, आणि थांबला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तो वसाहतीच्या फाटकावर आला. मॅनेजरनं काही न विचारता पास फाडला. सहा महिने गिरणीखेरीज बाहेर पाऊल नाही. साहेबांची रदबदली चालली नाही.

मग दर रविवारी साहेबच कागद घेऊन कुंपणापाशी यायला लागले. तारेतून एकेक कागद आत द्यायचे. तिप्पण्णा मातीत बसून नक्कल करायचा.

सहा महिने सरले, पास पुन्हा मिळू लागला. पण तो बंगल्यावर गेला नाही.

"हितंच द्या, साहेब," तो म्हणाला. "बाहेर आलो की परत आत शिरताना लई जड जातंय."