मल्लप्पाअण्णांची फेरी

"तो माणूस कडबा कशाला बांधतोय?" मॅनेजरसाहेबांनी कुंपणापलीकडे बोट दाखवलं. मी डेपोचा सिक्युरिटी ऑफिसर, पण मूळचा कोकणातला. मला काय ठाऊक!

वॉचमन म्हणाला, "आज येळवस हाय, साहेब, येळ अमावस्येचा शेतातला सण. दिवस मावळताना मल्लप्पाअण्णा त्या कडब्याचा पलिता पेटवून ज्वारीभवती फेरी मारणार की."



सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापूरजवळ, होटगीच्या बाजूला आमचा पेट्रोलचा डेपो नुकताच सुरू झाला होता. अण्णांची ज्वारी थेट आमच्या तारेला भिडलेली. त्यात डेपोच्या रेल्वे सायडिंगला पेट्रोलच्या टँक वॅगन लागलेल्या, अनलोडिंग चालू. अशा वेळी पेट्रोलची वाफ सुटते. हवेपेक्षा जड, त्यामुळे जमिनीलगत सरपटत जाते. दिसत नाही. तिला जाळ भेटला की डेपो गेला, आणि पलित्यासकट अण्णाही.

"पोलीस बोलवा," साहेब म्हणाले.

"पोलीस आजच्यापुरते येतील, साहेब. शेजार कायमचा आहे. तुम्ही अनलोडिंग थांबवा, मी बोलून येतो."

अण्णांनी मला आधी शेतातल्या पंगतीला बसवलं. "जेवा, मग भांडा." शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, मडक्यातली ताकाची गार आंबील. त्या आंबिलीच्या आठवणीने आजही जीव हळवा होतो.

"अण्णा, तारेच्या बाजूला पलिता नको."

"अर्दी फेरी? काळी आई रुसंल की! आमच्या बापानं कदी अर्दी मारली न्हाय."

त्यांचं खरं होतं. माझंही खरं होतं. शेवटी मी डेपोतला फ्लेमप्रूफ टॉर्च मागवला. म्हणजे ठिणगी बाहेर पडू न देणारी बॅटरी.

"ह्यात जाळ कुटं हाय?"

"जाळ नाही, पण उजेड आहे."

अण्णा टॉर्च उलटसुलट करून बघत राहिले. त्यांच्या बायकोनं मात्र टॉर्चला हळदकुंकू लावलं. "उजेड त्यो उजेड. निगा आता."

अण्णांनी लांबची बाजू पलित्यानं केली, तो मातीत गाडून विझवला, आणि तारेकडची बाजू टॉर्च घेऊन धावले. तारेच्या आत मी वाळूची बादली घेऊन धावत होतो. फेरी पुरी झाली. साहेबांनी चष्मा पुसला.

आता अण्णांच्या त्या शेतात प्लॉट पडलेत. आंबील पाजणारं कुणी उरलं नाही, याचं वाईट वाटतं.

पण तेव्हा, त्या फेरीनंतरच्या येळवशीला, अण्णा सकाळीच गेटवर हजर. "मागल्या साली ज्वारी लई आली, साहेब. औंदा सगळी फेरी तुमच्या बॅटरीवरच."

सुरक्षेचे कोर्स मी पुष्कळ केले. शेजाऱ्याकडे जेवायला जा, असं मात्र एकाही कोर्समध्ये शिकवलं नाही.