डांबराचा ड्रम

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मामाला तर नाहीच — आणि खरं म्हणजे सांगायला हवं होतं ते मामालाच. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही आमच्या राजूरचे नाही. त्या दिवशी तुम्ही जेवायला नव्हता.

मामा कोळशाच्या खाणीच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर. माझे वडील लवकर गेले. माझी फी, माझे बूट, नागपूरची माझी खोली, सगळं त्याच्या जिवावर. माणूस बढाईखोर, पण मनानं मोठा. लढाईच्या काळात तो पलटणीच्या तळावर हमाल होता. तिथं गोऱ्या शिपायांनी लोखंडी पिंपात, जाळावर नाही, नुसत्या गरम धुरावर मटण भाजलेलं त्यानं खाल्लं. ती चव त्याच्या डोक्यातून गेलीच नाही. तशी भट्टी चाकांवर बसवायची, बैल जुंपून वणीच्या बाजाराला न्यायची, तिथं मटण विकायचं आणि खाण सोडायची — एवढंच त्याला हवं होतं.

मी बी.एस्सी. झालो, वस्तीतला पहिला. मामानं जाहीर केलं, भाच्याच्या पासाचं जेवण याच भट्टीवर. नकाशा मी काढायचा.

काय वैताग होता तो! भंगारातून ट्रेलर मिळाला, त्याचं एक चाक वाकडं. रस्त्याच्या कामावरून डांबराचा रिकामा ड्रम आणला; मामानं तो जाळून जाळून लाल केला, वाळूनं घासला. ड्रम ट्रेलरवर आडवा, एका टोकाला जाळाची पेटी, दुसऱ्या टोकाला धुराडं. कागदावर सगळं जमत होतं. प्रत्यक्षात धूर माझ्याच तोंडावर यायचा. झाकण लागलं तर उघडेना, उघडलं तर लागेना.

"काहून रे इंजिनेर, भट्टी बनवून राह्यला का ताजमहाल?" मामा हसायचा. मला हसू यायचं नाही. शिकलेल्या माणसाचा नकाशा फसतोच कसा? धुराडं उंच केलं तेव्हा कुठे धूर ओढला जाऊ लागला.

जेवणाच्या सकाळी वस्ती जमली. आम्ही दीक्षा घेऊन चार-पाच वर्षं झाली होती. पंचशील म्हणायचा मान माझा. मी पुढे, सगळे मागून. चौथं शील — खोटं बोलणार नाही. तेही मीच म्हटलं. चांगलं मोठ्यानं.

मग मामा पाहुण्यांना आणायला एस.टी.वर गेला. जाताना बजावलं, "बाभळीचंच लाकूड घाल. अन् घाई करू नको." पण बाभूळ ओली निघाली. मटण आत तसंच कच्चं, ऊन चढत चाललेलं, जो तो डोकावून विचारतो, झालं का? माझा नकाशा, माझं जेवण — आणि काही होईचना! बाजूला कच्च्या कोळशाचा ढीग होता. कच्चा कोळसा आधी उघड्यावर जाळून त्याचा धूर जाऊ द्यायचा, मगच चुलीत घालायचा, हे राजूरचं शेंबडं पोरही जाणतं. मला ठाऊक नव्हतं का? होतं. तरी भट्टीपाशी कुणी नाही असं पाहून मी घमेलंभर आत लोटला.

दाट पिवळा धूर निघाला. घाबरून मी कोळसा ओढून काढला, मोरीत विझवला. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

पहिल्या घासालाच तोंडं वाकडी झाली. "बोकड कापलं का रेल्वेचं इंजिन?" कुणीतरी ओरडलं. पंगतभर हशा. मामानं स्वतः तुकडा चाखला आणि त्याचा चेहरा उतरला. माझ्याकडे वळला — रागानं नाही, खरंच विचारत. "तू तं सायन्स शिकला. सांग बाप्पा, काय झालं?"

तेव्हा बोलता आलं असतं. एका वाक्याचं तर काम होतं. मी म्हणालो — डांबर. लोखंडात मुरतं ते, कितीही जाळा, जात नाही.

संपलं. घासून साफ केला म्हणणारा वेल्डर कुठे आणि बी.एस्सी. कुठे! मामा माझ्याशी वादही घालेना. पुढच्या सुटीत मी गेलो, तर ड्रमचे दोन तुकडे करून त्यात गुरांना पाणी ठेवलेलं. ट्रेलर कुणीतरी नेला होता. खाण त्यानं सोडली नाही. अजून जातो.

मी आता यवतमाळला शाळेत विज्ञान शिकवतो. राजूरला गेलो की मामा खाट टाकतो, चहा मागवतो. कुणी कशालाही ड्रम आणला की तो छाती काढून त्याला थांबवतो, "डांबराचा घेऊ नको. लोखंडातून डांबर जात नसते. आमच्या बाबूनं सांगतलं, बी.एस्सी. हाय तो."

मी शेजारी बसलेला असतो. मान हलवतो.

ड्रम चांगला होता.