मरीयेची ओटी

आमच्या शेजारच्या अक्कांइतकी नाताळची घाई असलेली बाई मुडबी गावातच काय, बेथलेहेमातही सापडायची नाही. बाकीचे ख्रिस्ती डिसेंबरात घराला रंग देतात. अक्कांचा नाताळ मार्चमध्ये, देवदूत येशूच्या आईला, मरीयेला, निरोप सांगून गेला की सुरू. तिथून नऊ महिने कपाटावरची मातीची मरीया गरोदर आणि डोहाळे मात्र अक्कांना. ‘माझ्यासाठी न्हाई गं, तिला खावंसं वाटायलंय,’ म्हणत त्या आमच्या झाडाच्या चिंचा झाडाखालीच संपवायच्या. डिसेंबर लागला की मरीयेच्या योसेफाची खैर नसे. ‘नववा लागल्याली बाई गाढवावर घालून शिरगणतीला नेतंय! तहसीलदाराला निरोप धाडायला काय झालतं?’

सातव्या महिन्यात मूर्तीचं डोहाळजेवण व्हायचं, हिरव्या बांगड्या आणि शेंगापोळ्यांसकट. शास्त्रात असं नाही, म्हणून चर्चच्या पाळकसाहेबांनी एकदा हटकलं. अक्का म्हणाल्या, ‘नसू द्या. लग्नाआधी दिवस गेल्याल्या पोरीची ओटी त्या गावात कोन भरलं असंल?’ पाळकसाहेबांनी पोळी वाढून घेतली.

माझ्या सासूबाईंनी विचारलं, ‘नवऱ्याविना लेकरू व्हतंय व्हय अक्का?’

‘पवित्र आत्म्यानं झालं. तुमाला त्याचं नवल वाटायलंय. मला तर एवढा मोठा देव दूध पिणारं लेकरू झाला, त्याचंच वाटतंय.’

‘कामून झाला पण?’

‘वरून हाका मारून माणसं ऐकंनात. मग आमची पापं उचलायला खालीच आला.’

आमच्याकडे ओटी भरायची ती लेकुरवाळ्या सवाष्णींनी. मला मूलबाळ नाही, अक्का विधवा; दुसऱ्यांच्या डोहाळजेवणात आम्ही दोघी स्वयंपाकघरात पोळ्या लाटायचो. मरीयेच्या ओटीला मला पहिल्यांदा बोलावलं, तेव्हाही मी सवयीनं चुलीकडेच निघाले. अक्कांनी हाताला धरून ताट माझ्या हाती दिलं. ‘पैली ओटी ही भरंल.’ बायका कुजबुजल्या. ‘देवाला चालतंय,’ एवढंच त्या म्हणाल्या. मला रडू आवरेना.

गुडघे गेले म्हणून पुतण्यानं त्यांना गुलबर्ग्याला नेलं. मरीया आता आमच्या कपाटावर आहे. परवा फोन आला, ‘सातवा लागला की गं! चिंचा देतीस का न्हाई तिला?’

लगेच उठून कोपऱ्यावरच्या घरी बोलावणं द्यायला गेले. नवरा वारल्यापासून तिथली सून कुठं जात नाही. ‘मरीयेची पहिली ओटी तू भरायची,’ मी म्हटलं. दारातच तिनं विचारलं, ‘मी भरलेली चालंल?’

मी अक्कांचंच उत्तर दिलं, ‘देवाला चालतंय.’ आणि तिचा हात धरला.