मागच्या सीटला मत नसतं

ओसाकातल्या एका कॉफीच्या दुकानावरच्या खोलीत त्या क्लबची बैठक भरत असे. मोटारसायकल चालवणाऱ्या, चामड्याची जाकिटं घालणाऱ्या समलिंगी पुरुषांचा क्लब. बहुतेक सभासद आता म्हातारे. माझ्या ऑफिसातला एक सहकारी त्यांच्यातला. मी पूर्वी पुण्यात बातमीदार होतो, हे कळल्यावर त्यानं मला क्लबचा इतिहास लिहायला बोलावलं.

आत बसायची अट एकच होती. प्रत्येकानं आपला वाहन परवाना काढून टेबलावर समोर ठेवायचा. माझ्याकडे स्कूटरचा होता.

"स्कूटर?" एक जण म्हणाला. "म्हणजे इतिहास हळूहळूच येणार."

ही अट क्लबच्या संस्थापकांनी, टेबलाच्या टोकाला बसलेल्या वयस्क गृहस्थांनी, घातलेली. सुरुवातीचे बरेच सभासद संसारी होते. रविवारी घरून निघताना 'मोटारसायकलवर फिरायला जातो' असं सांगायचं, तर तेवढं तरी खरं असावं, हा संस्थापकांचा आग्रह. परदेशी मासिकं बघून नुसतं जाकीट चढवून येणाऱ्यांना ते दारातूनच परत पाठवत. नियमामुळेच क्लब टिकला, असं सगळेच सांगत.

त्या दिवशी संस्थापकांच्या पुढ्यात काहीच नव्हतं.

"परवाना स्वतःहून पोलिसांकडे जमा केला," ते म्हणाले. "सिग्नल दिसला, पण हात उशिरा हलला. कुणाला लागलं नाही. पुढच्या वेळी लागेल. नियमाप्रमाणे माझं सभासदत्व रद्द करा."

मला तो नुसता उपचार वाटला. इतरांना वाटला नाही. सहकारी उठून उभा राहिला.

"तुम्ही माझ्या मागे बसा. दर रविवारी न्यायला येतो."

"मागे बसणारा सभासद होत असता, तर खाली बसलाय तो कधीच वर आला असता."

खाली कोण, मी सहकाऱ्याला हळूच विचारलं.

"त्यांचा जोडीदार," सहकारी म्हणाला. "क्लब निघायच्या आधीपासून एकत्र राहतात. नजर अधू, परवाना मिळालाच नाही. प्रत्येक सहलीला यांच्या मागच्या सीटवर. बैठक असली की खाली दुकानात."

बातमीदारीत मी बरंच पाहिलं होतं. पण हे ऐकून लिहिता हात थांबला. लपून जगणाऱ्या माणसांनी स्वतःसाठी एक खोली मिळवली होती, आणि तिथे या माणसाला कधी खुर्ची मिळाली नव्हती. ती नाकारणारा त्याचाच माणूस होता.

मत घेतलं. रद्द करण्याच्या बाजूनं पहिला हात संस्थापकांचा वर गेला. मग एकेक करत सगळ्यांचे. सहकाऱ्याचाही. विरोधात एक तरी हात असेल म्हणून मी टेबलाभोवती पाहत राहिलो. नव्हता.

संस्थापक जिना उतरले. मी मागोमाग गेलो. जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या म्हाताऱ्यानं मान वर केली.

"इतक्यात झालं?"

"काढलं मला."

"नियम कुणाचा?"

"माझा."

"मग तक्रार कुणाकडे करतोस? बस."

संस्थापक बसले. वर पुढच्या सहलीची चर्चा सुरू झाली होती. आवाज खालपर्यंत येत होते.

"वर येऊ का, असं तू एकदाही विचारलं नाहीस," ते म्हणाले.

"ये, असं तू एकदाही म्हणाला नाहीस."