खिशातून वळणाऱ्या बाई

आमच्या खेळाच्या बाईंचे दोन्ही पाय एकमेकांकडे तोंड करून चालायचे. उजवा अंगठा डाव्याकडे, डावा उजव्याकडे. पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून त्या निघाल्या की टेम्पोतून द्राक्षांचे क्रेट उतरवणारी माणसं हातातलं काम थांबवून बघायची. आता पडतील, मग पडतील. बाई कधी पडल्या नाहीत. उलट शाळेच्या मैदानावर आम्हाला खो-खो शिकवताना बसलेल्या मुलींच्या मधून अशा सुळकन निघायच्या की मागे लागलेली मुलगीच तोंडघशी पडायची.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "खिशातून वळ!" मी संघात नवीन होते. हे ऐकून खरोखरच खिशात हात घालून उभी राहिले आणि बाद झाले. सगळं मैदान खो खो हसलं. बाईंनी मग स्वतःच्या ट्रॅकपँटच्या खिशावर थाप मारली. "गुडघा पिरगाळू नको. पाय रोव आन् इथून वळ." पुढे फिजिओथेरपी शिकायला लागले तेव्हा कळलं, मांडी आत वळवणारे मुख्य स्नायू तिथेच असतात. कुल्ल्याच्या बाजूला पंख्यासारखा पसरलेला एक, त्याच्याखाली दडलेला त्याचा धाकटा भाऊ आणि पुढे, बरोबर खिशाच्या जागी, एक चिमुकला. परीक्षेत त्यांची लांबलचक लॅटिन नावं आठवेनात तेव्हा मी बाकाखाली गुपचूप खिशावर हात ठेवला होता.

माझेही पाय आत पडायचे. लहानपणी मी दोन्ही तंगड्या मागे टाकून फतकल मारून बसायचे आणि आई पाठीत धपाटा घालायची. आठवीत तिनं जाहीर केलं, खेळ बंद, पाय आणखी बिघडतील. मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी बाई घरी आल्या आणि बोलावण्याची वाट न बघता ओट्यावर बसल्या.

"बाई, पोरीची जात हे," आई म्हणाली. "लग्नात चारचौघांत अशी चालली तर लोक काय म्हनतील?"

"लग्नात चालायचं किती असतं हो ताई? सात पावलं. तेवढी शिकवते मी तिला सरळ. बाकीचं तिचं तिला चालू द्या."

आई हसली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझे कॅनव्हासचे बूट धुऊन ओट्यावर वाळत ठेवलेले दिसले.

चांदवडला सामने होते, आम्ही जिंकलो. बक्षीस द्यायला आलेले पाहुणे आमच्या मुख्याध्यापकांच्या कानात पुटपुटले, "खेळाच्या बाईंचेच पाय वाकडे?" कानातलं ते बोलणं पहिल्या रांगेपर्यंत ऐकू आलं. बाई ढाल घ्यायला पुढे झाल्या आणि माईकसमोरच म्हणाल्या, "साहेब, मी पाय रोवते. वळायचं त्यानं वळावं." मुख्याध्यापकांना घाम फुटला. मला मात्र त्या दिवशी आपल्या पायांचा पहिल्यांदा अभिमान वाटला.

गेल्या वर्षी त्याच बाई काठी टेकत नाशिकला माझ्या दवाखान्यात आल्या. चालताना उजवी मांडी दुखत होती. मी त्यांना उताणं झोपवलं, गुडघा वाकवला आणि नडगी बाहेरच्या बाजूला नेऊ लागले. तसं केलं की मांडी खुब्यात आत वळते. बाईंची वळेचना. खुब्याचा सांधा झिजला की बहुतेक वेळा आत वळणंच आधी जातं, हे मी रोज कुणाला ना कुणाला सांगते. त्या दिवशी माझेच डोळे भरून आले.

"काय गं शीतल, मैदान संपलं का माझं?"

"नाही बाई. सांधा बदलावा लागेल. मग जाल मैदानावर."

"जाईन. आन् ही काठी घेऊन नाय जाणार."

ऑपरेशन झालं. नवा सांधा निखळू नये म्हणून काय काय पाळायचं, ते समजावून सांगण्याचं काम माझ्याकडे आलं. मांडी घालायची नाही. पायावर पाय टाकायचा नाही. मग शेवटचं उरलं. "आणि बाई, पाय आत वळवायचा नाही."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "तू बी?"

पाय जवळ येऊ नयेत म्हणून मध्ये ठेवलेली उशी मी उगाचच नीट करत राहिले. पुढचे काही महिने त्यांनी ते पाळलं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी कुणाचं तरी ऐकलं असेल.

मग एक दिवस काठी बाजूला ठेवून मी त्यांना व्हरांड्यात चालायला लावलं. उजवा पाय अगदी नाकासमोर पडत होता. डावा आपला आतच. मधेच थांबून बाईंनी खाली बघितलं.

"हा कुनाचा पाय लावला?"

"तुमचाच आहे, बाई. डावाही कुरकुरतोय ना? पुढेमागे तोही करून घेऊ. दोन्ही सरळ होतील."

बाईंचा हात खिशाकडे गेला. "एक दिला तुमाला. दुसरा माझा हे."

व्हरांडा संपला होता. परत फिरताना छोटी छोटी पावलं टाकत फिरायचं, असं मी त्यांना शिकवलं होतं. बाईंनी डावा पाय रोवला आणि सगळं अंग त्याच्यावर वळवलं. खिशातून.

"सावकाश" म्हणायला मी तोंड उघडलं, आणि निघालं, "खो!"